पावलांची वही

नोकरीच्या काळात मी पुष्कळ माणसे पकडली आणि त्यांतली बहुतेक विसरूनही गेलो. एक माणूस मात्र अजून डोळ्यांसमोर येतो, आणि तो गुन्हेगार नव्हता. प्रकरणाला इतकी वर्षे लोटली आहेत की नावे सांगितली तरी कोणाचे बिघडणार नाही. तरी मी ती सांगणार नाही. त्या माणसाने माझ्याकडून तेवढेच मागून घेतले होते.

पासष्ट सालचे युद्ध सुरू झाले तेव्हा मी जबलपुरात, गढ्याच्या बाजूच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. वय एकोणतीस. शहर कारखान्यांचे, तोफा, लष्करी गाड्या, दारूगोळा, सगळे इथलेच. युद्ध सुरू होताच कारखान्यांचे भोंगे वाढले, पाळ्या वाढल्या, खिडक्यांना काळे कागद लागले आणि ज्याला त्याला हेर दिसू लागले. एकाने कबूतर धरून आणले, त्याच्या पायाला चिठ्ठी बांधलेली असेल म्हणून. एका फकिराला लोकांनी मारत आणले; झोळीत सुक्या पोळ्या निघाल्या. आलेली प्रत्येक खबर मुन्शी, म्हणजे ठाण्याचा लेखनिक, रोजनामच्यात लिहून घेई आणि आम्हाला ती तपासावीच लागे.

अशात मदनमहालच्या टेकडीखाली सीताफळे विकणारी एक बाई ठाण्यात आली. मी गस्तीवर होतो. परत आल्यावर मुन्शीने नोंद पुढे केली: एक अनोळखी इसम, वय सुमारे पंचेचाळीस, डोळ्यांना चष्मा, पेहराव बाबू लोकांचा; दर रविवारी टेकडीवर येतो, पावले मोजतो, वहीत खुणा करतो.

मदनमहाल म्हणजे गोंड राजांची टेहळणीची जागा. एका प्रचंड शिळेच्या डोक्यावर बांधलेली छोटीशी गढी. तिथे उभे राहिले की अर्धे शहर पायाखाली दिसते, कारखान्यांची धुराडीसुद्धा. नोंद वाचून मी ताठ बसलो. ही खबर कबुतरासारखी नव्हती.

पुढच्या रविवारी साध्या वेशातले दोन शिपाई त्याच्या मागे लावले. दोघांचा अहवाल सारखाच आला. इसम टेकडीवरून उतरून आधी संग्रामसागर तलावावर गेला, बांधावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला आणि परत फिरला. मग बाजनामठात गेला. दर्शन न घेता भिंतीला हात लावत बाहेरून फेरी घातली. दुपारी बस पकडून तेवरला, म्हणजे जुन्या त्रिपुरीला. तिथे झाडांच्या पारावर, विहिरीच्या काठावर कलचुरी राजांच्या काळातले कोरीव दगड इतस्ततः पडलेले असतात. त्यांपाशी उकिडवा बसून तो एकेक दगड चाचपत होता. कोणाला भेटला नाही, कोणाशी बोलला नाही. प्रत्येक ठिकाणी वहीत लिहिले.

त्याच्या पुढच्या रविवारी मी स्वतः टेकडीवर गेलो. तो गढीच्या पायऱ्यांवर बसून लिहीत होता. मी बाजूने जाऊन उभा राहिलो तरी त्याने मान वर केली नाही. बूट वाजवला तेव्हा दचकला, आधी समोर पाहिले आणि मग सबंध मान वळवून माझ्याकडे पाहिले.

"क्या लिख रहे हैं आप?"

"कुछ नहीं साहब. पुरानी जगह देखने का शौक है."

त्या हिंदीत मला मराठी ऐकू आली. मी मराठीत नाव विचारले. माणूस आणखीच घाबरला. आपल्या भाषेत विचारणाऱ्या पोलिसाला टाळता येत नाही, हा माझा पुढेही अनेकदा आलेला अनुभव आहे. एका संरक्षण कारखान्यात तो चेकर होता, तयार सुट्या भागांची मापे तपासणारा. मी वही हातात घेतली. चौकोनी रेघांची, पुठ्ठ्याची वही. आत असे लिहिलेले:

शे पा उं. ९ स. डा भिं गा. १४. वा. थां. उ क ३.

पानेच्या पाने अशी. अक्षर छापल्यासारखे स्वच्छ. शेवटून चौथ्या पानावर मात्र माथ्यावर एकच शब्द पुरा लिहिला होता: फाटक. त्याखाली आकडे, वळणे, पुन्हा आकडे.

"हे कुठलं फाटक?"

त्याने वहीकडे हात केला आणि मागे घेतला.

"कारखान्याचं?"

त्याने हो म्हटले. एवढेच. त्याला आम्ही ठाण्यात आणले.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. टेकडी उतरताना मी खूश होतो. लढाईच्या दिवसांत हेर पकडायचा, तोही स्वतःच्या हाताने, याचे स्वप्न त्या वयात कोणत्या सब-इन्स्पेक्टरने पाहिले नसेल? वरिष्ठांना काय सांगायचे त्याची वाक्ये मी मनात जुळवत होतो.

दुपारभर चौकशी केली. जुन्या वास्तूंबद्दल विचारले की तो मोकळेपणाने बोले. संग्रामसागर कोणी बांधला, तेवरच्या कोणत्या पारावर कोणती मूर्ती आहे, सगळे सांगे. अक्षरांचा अर्थ विचारला की, "ते माझ्यापुरतं आहे, साहेब. मी काही वाईट करून नाही राहिलो." आणि फाटकाचे पान पुढे केले की तोंड बंद. मी आवाज चढवला. टेबलावर हात आपटला. शिपायाकडून दरडावून घेतले. त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"तुम्हाला कळतं का, हे पान तुम्हाला कुठं नेईल?"

"कळते, साहेब."

"मग बोला ना."

"त्या पानाचं नाही सांगता येत."

संध्याकाळच्या आत क्वार्टरची झडती घेतली. दोन खोल्या, नीट लावलेल्या. संशयास्पद काही मिळाले नाही. त्याची बायको दाराला टेकून उभी होती. मी विचारले, "रविवारी हे कुठं जातात, ठाऊक आहे?"

"जुन्या जागा पाहायला जातात जी. काहून जातात ते मी विचारलं नाही. मनाला बरं वाटत असंल."

"रात्री कोणाला भेटायला?"

"अंधार पडल्यावर ते बाहेर पडतच नाहीत. तीन वर्षं झाली. सायकलही माझ्या भावाला देऊन टाकली." मग तिने विचारले, "भैया, त्यांनी काय केलं हो?"

मी सायकल दिल्याचे तेवढे डायरीत टिपून घेतले. का टिपले ते तेव्हा मलाही सांगता आले नसते.

वरिष्ठ साहेबांनी वही चाळली, फाटकाच्या पानावर बोट ठेवले. "कारखान्याच्या आतली पावलं मोजलीत याने. उद्या दुपारपर्यंत कागद पुरे करा. दंडाधिकाऱ्यापुढे उभा करा, पुढचं वरचे लोक पाहतील." वरचे लोक म्हणजे काय ते मला ठाऊक होते. त्या दिवसांत संरक्षण नियमांखाली आत गेलेला माणूस कधी बाहेर येईल ते सांगता येत नसे.

सोमवारी सकाळी कागद पुरे करताना लक्षात आले की खबर देणाऱ्या बाईचा सही-अंगठ्याचा जबाबच नाही, नुसती मुन्शीची नोंद आहे. म्हणून मी एका शिपायाला घेऊन टेकडीखाली गेलो. बाई टोपली मांडून बसली होती. तिने पाहिले तसे सांगायला लावले.

ती म्हणाली, "आता है, गिनता है, आँख मूँद के चलता है, फिर लिखता है."

"आँख मूँद के?"

"हाँ साब. थाने में भी बताया था. मुन्शीजी बोले, ये सब मत बताओ, काम की बात बताओ."

मी लिहायचे थांबलो. तिला म्हटले, पहिल्यापासून सांग, काही गाळू नकोस. आधी तिला वाटले की माणूस सूरदास, म्हणजे आंधळा आहे. पण सूरदास वहीत लिहील कसा? दोनदा त्याने पायाने तिची टोपली उलथी केली होती, भर दुपारी, टोपली रस्त्याच्या कडेला असताना. दोन्ही वेळा माफी मागून, गुडघ्यांवर बसून, एकेक फळ त्याने स्वतः वेचून दिले. "सामने का पत्ता भी दिख जाए उसको," ती म्हणाली, "बाजू का टोकरा नहीं दिखता."

मी जबाब पुरा केला, अंगठा घेतला. शिपायाला खालीच थांबवले आणि वही घेऊन वर गेलो.

मी जबलपुरात जन्मलो. त्या टेकडीवर शाळेच्या सहलीत एकदा गेलो होतो, नंतर आरोपींच्या मागे. गढी म्हणून ती मी कधी पाहिली नव्हती. शेवटच्या पायरीपाशी उभा राहून वही उघडली. शे पा उं. पाय टाकला तेव्हा कळले, शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे. शेवटची पायरी उंच. एकदा हे जमल्यावर पुढचे आपोआप उलगडत गेले. नऊ पावले सरळ. डावीकडे भिंत, गार. हात लावला, उन्हाची वेळ असूनही ती भिंत खरोखरच गार होती. मी डोळे मिटले. चौदा पावले मोजत, हात भिंतीवर ठेवून चाललो. चौदाव्या पावलाला भिंत संपली आणि तोंडावर वारा आला. वा. थां. म्हणजे वारा आला की थांब. उ क ३. उजवीकडे कडा, तीन पावले. मी डोळे उघडले. उजव्या हाताला तीन पावलांवर शिळा संपत होती आणि खाली नुसती झाडांची डोकी होती.

मी तिथेच बसलो आणि मदनमहालची सगळी पाने वाचली. कुठल्या दगडाला खाच आहे, कुठे आवाज घुमतो, कुठल्या कोनाड्यात वटवाघळांचा वास येतो, खालच्या घोड्यांच्या पागेत उंबरा किती उंच आहे. सगळे होते. नव्हते ते एकच: वरून काय दिसते. त्या गढीवर चढून ज्याने एका शब्दाने खालचे शहर लिहिले नाही, धुराडी लिहिली नाहीत, तो हेर कसला?

ठाण्यात परत आलो तेव्हा त्याला बाकावर बसवले होते. त्याच्यासमोर बसून मी इकडचे तिकडचे विचारले आणि बोलता बोलता पाण्याचा पेला त्याच्या डाव्या कोपरापाशी ठेवला. घसा कोरडा पडल्यामुळे तो ओठांवरून जीभ फिरवत होता. पेल्याकडे त्याचे लक्षच गेले नाही. मी म्हटले, "पाणी घ्या." त्याने समोरच्या टेबलावर पाहिले, मग सबंध मान डावीकडे वळवली, तेव्हा त्याला पेला दिसला. आणि मी काय केले ते त्याला कळले.

"बाजूचं दिसत नाही ना तुम्हाला?"

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. बराच वेळ पुसत राहिला.

"किती दिवस झाले?" मी विचारले.

"रात्रीचं जाऊन तीन वर्षं झाली. बाजूचं आता आता. समोरचं अजून तुमच्यापेक्षा बारीक दिसते, साहेब. केसाएवढा फरक पकडतो मी मापात. पण नळीतून पाहावं तसं. नळी लहान होऊन राहिली आहे."

हे त्याच्या घरात होते. वडील शाळामास्तर, त्यांचेही असेच गेले, आधी रात्र, मग बाजू, मग सगळे. नागपूरच्या डॉक्टरने तपासून चार-पाच वर्षे सांगितली होती.

"आंधळे झाल्यावर बाबांनी घर सोडलं नाही. खाटेवर बसून मला विचारायचे, अमुक देवळाला दार कोणत्या बाजूला होतं रे? मला सांगता यायचं नाही. मी कुठं पाहिलं होतं? आणि मी तरी काय पाहिलं, साहेब? भोंगा, पाळी, भोंगा. एवढं जुनं शहर आपलं, दहा कोसांत देवळं, तलाव, गढ्या. वीस वर्षांत एकदा गेलो नाही. मग ठरवलं, उरलेल्या दिवसांत सगळं पाहून घ्यायचं. आणि असं पाहायचं की नंतर हातापायांना सापडलं पाहिजे."

"आणि फाटक?"

"ते पोटासाठी. गर्दीत धक्के लागू लागले. आतून ढकलगाड्या जातात, वर क्रेन फिरते. फाटकापासून माझ्या जागेपर्यंत मोजून ठेवलं, म्हणजे कोणाला कळू नये."

"कालच का नाही सांगितलं?"

तो पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहून बोलला. "तुम्ही हेर लिहिलं तर नोकरी जाते. आंधळा लिहिलं तरी जाते. मला वाटलं गप्प राहिलो तर कदाचित तिसरं काही निघेल."

बायकोला सांगितले होते का, असे मी विचारले. नाही, म्हणाला. त्याच्या आंधळ्या वडिलांची शेवटची वर्षे तिनेच निभावली होती.

मी खोलीबाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिलो. हेर नाही एवढे लिहून सोडता आले असते का? आले नसते. कारखान्याच्या आतली पावले वहीत का, याचे उत्तर कागदावर यायलाच हवे होते. शिवाय दुसरी एक गोष्ट मला टोचत होती. आज ना उद्या ही नळी इतकी लहान झाली असती की मापही चुकले असते, आणि तो भाग सीमेवर कोणाच्या तरी हातात गेला असता. किंवा त्याआधी तोच एखाद्या ढकलगाडीखाली आला असता. आत जाऊन मी त्याला हे असेच सांगितले. मऊ करून सांगितले नाही.

तो म्हणाला, "मापाचं मी रोज स्वतःला विचारतो. ज्या दिवशी शंका येईल त्या दिवशी सोडणार होतो."

"ती शंका तुम्हाला यायच्या आधी माल निघून गेला असेल तर?"

तो म्हणाला, "आंधळा लिहा, साहेब. माझ्या हातानं लिहून देतो. फक्त नाव गावभर होऊ देऊ नका."

दुपारी त्याला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी त्याला समोर बघायला सांगून बाजूने बोट पुढे आणले. बोट जवळजवळ नाकासमोर आले तेव्हा तो "दिसलं" म्हणाला. दाखला घेऊन मी साहेबांकडे गेलो. त्यांना वाचून दाखवण्यापेक्षा मी त्यांच्याच दालनातली पावले वहीतल्या पद्धतीने कागदावर लिहून, मग डोळे मिटून चालून दाखवले. साहेब कडक होते, पण वेडे नव्हते. म्हणाले, "दंडाधिकाऱ्याकडे सुटकेचा अहवाल द्या. फाटकाचं पान काढून सीलबंद करा. बाकी वही परत."

संध्याकाळी मी त्याला क्वार्टरपर्यंत पोचवले. दार बायकोने उघडले. तो तिला म्हणाला, "आत चल, तुला एक सांगायचं आहे." मी तिथून निघालो.

कारखान्याने त्याला चेकरच्या जागेवरून काढले. नोकरीवरून काढले नाही. नव्याने भरती झालेल्या मुलांना मापे शिकवण्याच्या वर्गात, एका जागी बसून काम दिले. हुद्दा खाली आला. वही मालखान्यातून, म्हणजे जप्त वस्तूंच्या कोठडीतून, परत घ्यायला तो आला तेव्हा मी फाटकाचे पान काढल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तो म्हणाला, "राहू द्या साहेब. ते पान पाठ आहे मला." माझ्या नोकरीत मी इतका हसलो असे प्रसंग फार थोडे आहेत.

त्या मुन्शीशी मी फार रागाने बोललो होतो. नंतर वाटले, चूक त्याची एकट्याची नव्हती. त्याच्या नोंदीत मला जे हवे होते ते होते, म्हणून मी बाईकडे गेलोच नाही. त्यानंतर खबर देणाऱ्याला स्वतः भेटल्याशिवाय मी एकही मोठा कागद पुढे पाठवला नाही. गप्प बसणाऱ्या आरोपीच्या बाबतीतही मी बदललो. तो काहीतरी लपवतो आहे हे शेंबड्या पोरालाही ओळखता येते. पण तो गुन्हाच लपवतो आहे, असे धरून आम्ही आवाज चढवतो, आणि तिथे तपास संपतो.

काही वर्षांनी माझी पुन्हा जबलपुरात बदली झाली. त्याचे डोळे तोवर पूर्ण गेले होते. एका रविवारी तो आणि त्याची बायको मला भेडाघाटच्या चौंसष्ट योगिनींच्या देवळात भेटले. एवढ्या पायऱ्या तो काठी टेकत, कोणाचा हात न धरता चढून आला होता. बायको मधल्या देवळाच्या ओसरीत बसली आणि आम्ही दोघे त्या गोल ओवरीतून, मूर्तींच्या समोरून चालत गेलो. तो प्रत्येक कोनाड्यापाशी बरोबर थांबे, हात पुढे करी, दगडी गुडघा, पायाशी बसलेले जनावर, तुटलेला हात चाचपे.

एका मूर्तीपाशी त्याचा हात वर पोचेना. म्हणाला, "साहेब, हिचं तुम्ही सांगा."

मी सांगू लागलो. मूर्ती दगडी, बसलेली, डावा हात कोपरापासून भग्न, उजव्या बाजूस...

"पंचनामा नको," तो म्हणाला. "चेहरा सांगा."

आयुष्यभर माणसांचे वर्णन लिहिले होते: रंग सावळा, नाक सरळ, कपाळावर जुनी खूण. तेवढ्याने इथे भागणार नव्हते. मी पुढे झालो, मूर्तीच्या अगदी जवळ. नाक तुटलेले होते, एक डोळा झिजून गेला होता. पण ओठ शाबूत होते. ते बघत मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. तो घाई करत नव्हता.

"कोणीतरी काही सांगतं आहे," मी शेवटी म्हटले, "आणि ती ते शेवटपर्यंत ऐकून घेते आहे, असा चेहरा आहे."

त्याने मान हलवली, आणि आम्ही पुढच्या कोनाड्याकडे निघालो.